तवसं सापडलं! ठाणे ते रबाळे, चार दिवसांची शोधमोहीम

आधीच सांगून टाकतो, तवसं म्हणजे पावसाळ्यात मिळते ती मोठी जाडजूड काकडी, कोकणातल्या मंडळींना हे सांगायला नको. पण हे तवसं खायचं नाहीये. माझ्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, साठच्या दशकात ठाण्यात चरईतल्या एका शेडमध्ये रेसची गाडी बनवली होती, एकट्याची, लांबट, हिरवी, दोन्हीकडून निमुळती, आणि आळीत तिला रेसकार वगैरे कोणी म्हटलंच नाही, सगळे तवसंच म्हणायचे. मी ती कधी बघितली नव्हती. माझ्या जन्माआधीच ती विकली गेली होती आणि लहानपणापासून प्रत्येक लग्नात, मुंजीत, बाराव्याला सुद्धा मामा एकच गोष्ट सांगायचा, "अण्णांनी तवसं एकशेवीसला नेलं होतं. एकशेवीस मैल, किलोमीटर नव्हे."

लोक लडाखला जाऊन प्रवासवर्णन लिहितात, माझा सगळा प्रवास ठाणे, शिळफाटा, नेवाळी आणि रबाळे एवढाच आहे, त्यामुळे हिमशिखरं वगैरे अपेक्षा ठेवू नका. विटाव्याचा पूल आहे, ट्रॅफिक आहे.

दिवस पहिला, शनिवार

दिवाळीची आवराआवर म्हणून मामाकडे गेलो होतो. मामी म्हणाली माळ्यावरचं सगळं काढ, मला चढता येत नाही आणि ह्यांना चढू देत नाही, मामा आता ७८ चा आहे आणि गुडघा गेलाय. तर तांब्याचा बंब, एक मोडका पाट, सनमायकाचे तुकडे (हे प्रत्येक मराठी घरात का असतात देव जाणे) आणि त्या सगळ्याच्या खाली बिस्किटाचा पत्र्याचा डबा, त्यात फोटो.

एका फोटोत तवसं होतं. पहिल्यांदा बघितलं मी ते. ब्लॅक अँड व्हाइट, त्यामुळे हिरवं बिरवं काही नाही, पण शेप बघून मी गारच पडलो कारण हे काहीतरी फियाट कापून केलेलं जुगाड असेल अशी माझी कल्पना होती आणि समोर १९२० च्या दशकातल्या रेकॉर्ड गाड्यांसारखं काहीतरी दिसत होतं, लांब नाक, उघडी चाकं, मागे शेपटी. शेजारी आजोबा बुशशर्टमध्ये, त्यांच्या बाजूला वीसेक वर्षांचा मामा, काडीपैलवान, गळ्यात दोरी आणि दोरीला काहीतरी, शाळेतल्या पीटीच्या सरांची शिट्टी असते तसं. मागे मलंगगडाचा सुळका स्पष्ट दिसतोय. मामाला विचारलं कुठला फोटो, म्हणाला नेवाळी, तिकडे इंग्रजांच्या वेळची धावपट्टी होती ना, तिथे पळवली होती. "तू काय करत होतास?" "मी शेवटच्या टोकाला उभा." मग लगेच, "एकशेवीसला नेली होती."

आता थोडं माझ्याबद्दल, मी आयटीतला माणूस, गाड्यांचं ज्ञान पुस्तकी. पण लँड स्पीड रेकॉर्ड, म्हणजे जमिनीवर सगळ्यात जोरात गाडी कोणी पळवली, हा विषय मला शाळेपासून चावलेला आहे. पहिला रेकॉर्ड १८९८ चा, फ्रान्समध्ये, ताशी ६३ किलोमीटर, आणि गाडी इलेक्ट्रिक होती बरं का, पेट्रोलवाली नाही. पुढच्याच वर्षी येनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाने टॉर्पेडोसारख्या इलेक्ट्रिक गाडीतून १०० चा टप्पा ओलांडला. आज माझी ई-स्कूटर घोडबंदर रोडला ६३ ने जाते, म्हणजे रोड मोकळा असेल तर, म्हणजे कधीच नाही.

आणि या सगळ्यात माझी आवडती गाडी म्हणजे बॅब्स. पॅरी थॉमस नावाचा वेल्श इंजिनियर होता, त्याने रेसर काउंट झबोरोव्स्की वारल्यावर त्याची गाडी विकत घेतली, तिच्यात विमानाचं २७ लिटरचं लिबर्टी इंजिन, बारा सिलिंडर. आपल्या स्विफ्टचं इंजिन १.२ लिटर आहे, हिशोब करा. १९२६ च्या एप्रिलमध्ये वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर वाळूवरून त्याने ती ताशी १७१ मैलांनी पळवली, म्हणजे २७५ किलोमीटर. फेब्रुवारी १९२७ ला माल्कम कॅम्पबेलने त्याच किनाऱ्यावर जवळजवळ १७५ करून रेकॉर्ड काढून घेतला, तो परत मिळवायला ३ मार्चला थॉमस उतरला आणि गाडी उलटली, तो जागीच गेला, ४१ वर्षांचा होता. लोकांनी काय केलं, गाडी तिथेच वाळूच्या टेकाडात पुरली. माणूस गेला तर गाडी पण नको. आणि मग ४२ वर्षांनी, १९६९ साली, ओवेन विन ओवेन नावाच्या एका इंजिनियरिंगच्या मास्तरने ती उकरून काढली. खारं पाणी आणि वाळू यांनी खाल्लेला सांगाडा होता तो, त्यावर वर्षानुवर्षं खपून पुन्हा चालू केली. चाकं फिरवणारी चेन तुटून थॉमसला लागली असं आधी मानायचे, गाडी बाहेर आल्यावर मागच्या चाकावर संशय गेला. म्हणजे गाडी सापडली म्हणून गोष्टसुद्धा बदलली.

हे वाक्य मी मामाला पण बोललो, तो म्हणाला आपली गोष्ट बदलायची नाहीये, एकशेवीस ते एकशेवीस. पण गाडी कुठे गेली ते त्याला माहीत नव्हतं. "आईच्या लग्नाच्या वर्षी गेली," एवढंच. म्हणजे माझ्या आईच्या, १९७४. आईला फोन केला तर ती म्हणाली मला काही आठवत नाही आणि तू जेवलास का.

संध्याकाळी चरईत शेडची जागा बघून आलो. टॉवर आहे, खाली बँकेचं एटीएम. तलावपाळीला भेळ खाल्ली आणि घरी.

दिवस दुसरा, रविवार

बंटीला घेतलं. बंटी माझा शाळेतला मित्र, खरा मेकॅनिकल इंजिनियर, गाडी त्याची. आमचं लॉजिक असं की अशी वस्तू एकतर भंगारात जाते नाहीतर शूटिंगवाल्यांकडे. सकाळी वागळे इस्टेटला दोन तीन जुन्या गॅरेजवाल्यांना फोटो दाखवला, रविवार असून एक दोन उघडी होती. एक म्हणाला चोरबाजारला जा, दुसरा म्हणाला अशी गाडी ठाण्यात बनूच शकत नाही, हा फोटो एआयने बनवलाय. पन्नास साठ वर्षं जुना, पिवळा पडलेला, मागे फोटो स्टुडिओचा शिक्का असलेला फोटो! मी वाद घातला नाही.

तिसऱ्याने मात्र सांगितलं, शिळफाट्याला एका गोडाऊनमध्ये लांब नाकाची पत्र्याची वस्तू मी स्वतः बघितली आहे, गाडीच असणार. झालं, आम्ही मुंब्रा बायपासने शिळफाट्याला. तिकडची भंगाराची गोडाऊनं ज्यांनी बघितलीत त्यांना कल्पना असेल, ड्रमचे डोंगर, केबलचे ढीग, मध्येच एक अख्खा डेंटिस्टचा खुर्चीसेट. गोडाऊनवाला चांगला माणूस, म्हणाला हो हो आहे, मागे या. आणि मागे खरंच लांब नाकाची, पत्र्याची, पांढरी, निमुळती वस्तू आडवी पडलेली. माझं काळीज धडधडायला लागलं. जवळ गेलो तर त्यावर तिरंगा आणि खाली मंडळाचं नाव अर्धं खरवडलेलं. चांद्रयान होतं. २०२३ च्या गणपतीत निम्म्या मंडळांनी चांद्रयानाचा देखावा केला होता, त्यातलं एक रॉकेट. बंटी जमिनीवर बसून हसत होता, पाच मिनिटं उठला नाही.

आणि गंमत म्हणजे कल्पना तशी चुकीची पण नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत बिल बर्क नावाच्या माणसाने लढाऊ विमानाच्या पोटाखाली लावायची जादा पेट्रोलची टाकी घेतली, ती हवेत कमीत कमी अडथळा होईल अशीच बनवलेली असते, आणि तिच्यात इंजिन बसवून कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर पळवली. त्यावरून मग तशा गाड्यांची लाटच आली. म्हणजे भंगारातून स्पीड काढणं हा जगन्मान्य धंदा आहे. चांद्रयानात मात्र आतून बांबू होते.

इथपर्यंत आलोच आहोत तर नेवाळी बघू म्हणून काटईवरून पुढे गेलो. खोणी गेलं, मग मलंगगड डावी उजवी करत समोर येतो, फोटोतला तोच सुळका. मी मोबाइलवर फोटो धरून एका डोळ्याने जुळवत बसलो, कुठे उभे असतील हे लोक. धावपट्टी म्हणून दाखवायला असं काही आम्हाला मिळालं नाही, शेती, कुंपण, मध्येच भिंत. ही जागा महायुद्धात इंग्रज सरकारने शेतकऱ्यांकडून घेतली होती आणि परत कधी द्यायची यावरून अजून भांडण आहे, २०१७ साली इथेच मोठं आंदोलन पेटलं होतं. टपरीवरच्या एका आजोबांना विचारलं तर ते म्हणाले गाड्या बिड्या आठवत नाहीत, आमची जमीन आठवते. यावर काय बोलणार. चहा प्यायलो, निघालो. येताना कल्याण शीळ रोडला दीड तास, त्याचं वर्णन करत नाही.

दिवस तिसरा, पुढचा शनिवार

आठवडाभर काहीच नाही. मग शुक्रवारी रात्री मामाचा फोन, त्याला अचानक आठवलं की गाडीचे पत्रे ठोकणारा चेंदणी कोळीवाड्यातला एक डेंटर होता, अण्णांचा दोस्त, आहे का बघ. हे आधी आठवलं असतं तर चांद्रयान वाचलं असतं, पण जाऊ दे.

डेंटर काका आहेत! पंचाऐंशीच्या पुढचे, कान थोडे गेलेत, हात अजून असे की माझा हात हातात घेतला तर सोडवता येईना. फोटो बघितला, बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग फोटोतल्या नाकावर बोट ठेवून म्हणाले, "हितं येक खड्डा हाय. फोटोत दिसत नाय. तो माजा." मग सांगत सुटले. ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकायचा, मध्ये मध्ये गरम करून नरम करायचा, आणि ॲल्युमिनियम गरम झालं तरी लाल होत नाही, त्यामुळे कळत नाही आणि एकदम भोक पडतं, म्हणून त्याला आधी साबण फासायचा, साबण काळा पडला की थांबायचं. माझ्या आजोबांनी कुठूनतरी परदेशी मासिकातलं चित्र आणलं होतं, त्यावरून चौकटी आखून मोठं केलं. "तुजा आजा लय किटकिट्या. येक सूत कमी जास्त झाला तर परत ठोक." आजोबा एका कंपनीत टूलरूमला, म्हणजे अचूक मापाचे साचे आणि हत्यारं बनवायच्या खात्यात होते, त्यामुळे हे एकदम पटलं.

गाडी कुठे गेली? "रबाल्याला. पत्र्याच्या गाल्यात. मीच सोडून आलो टेंपोतून." कोणता गाळा ते पण सांगितलं, म्हणजे नाव नाही, पण पिंपळ आणि दोन वळणं.

बंटी गाडी काढतो म्हणाला पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली शनिवारी अडकायची हौस नव्हती, सरळ ट्रान्स हार्बरने गेलो. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, वीसेक मिनिटं. तीन दिवस आम्ही भूगोल पालथा घालतोय आणि गाडी चार स्टेशनांत!

पिंपळ होता. गाळा पण होता, शीट मेटलचं काम चालू होतं, प्रेस धडाधडा वाजतोय. मालक आमच्याच वयाचा, तिसरी पिढी. फोटो दाखवला तर तो हसला आणि म्हणाला, "ही होय? मी तर याला रॅक समजतो." मागच्या बाजूला नेलं. अंधार, ताडपत्री, त्यावर जुन्या डाय, पत्र्याच्या कातरणीच्या गोण्या, एक मोडका कूलर. ते सगळं काढायला पोरांना अर्धा तास लागला आणि मग ताडपत्रीखालून नाक दिसलं. मी मोबाइलचा टॉर्च मारून पहिल्यांदा काय शोधलं असेल तर तो खड्डा. होता. डाव्या बाजूला, चार आण्याएवढा.

शेपटी मात्र नव्हती. मागचं सगळं उघडं, पेट्रोलची टाकी दिसत होती. मालक म्हणाला शेपटी बाहेर आहे, आणि खरंच, बाहेर बोअरवेलच्या पंपाच्या मोटारीवर पावसाचं झाकण म्हणून माझ्या आजोबांच्या रेकॉर्ड गाडीची शेपटी उभी करून ठेवलेली, वर पिंपळाची पानं. त्याच्या आजोबांच्या काळापासून आहे म्हणाला, एक थेंब आत जात नाही. डेंटर काकांना सांगायला पाहिजे.

आता गाडीबद्दल. खाली सी चॅनेल वेल्ड करून केलेली फ्रेम. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल सगळं फियाट ११०० चं, १०८९ सीसी, म्हणजे चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. ड्रायव्हरची सीट इतकी खाली की प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना नेणारा दांडा, डाव्या मांडीला लागून फिरणार, मध्ये फक्त एक पत्रा. बॅब्सच्या चेन आठवल्या आणि अंगावर काटा आला. डॅशबोर्डवर एकच मोठा डायल, कुठल्यातरी मोठ्या गाडीचा काढलेला, शेवटचा आकडा १२०.

बंटीला मी म्हटलं एकशेवीस मैल खरं की खोटं ते इथेच कळेल. गिअर रेशो काढायचा. पद्धत सोपी, मागचं चाक एक फेरा फिरवायचं आणि शाफ्ट किती फेरे फिरतो ते मोजायचं. गाळ्यातल्या मिस्त्रींनी जॅक दिला, बेअरिंगमध्ये डिझेल सोडलं, मागचं एक चाक उचललं, न्यूट्रल टाकला, टायरवर आणि शाफ्टवर खडूची खूण, आणि मी चाक हळूहळू फिरवलं. कुरकुरत फिरलं बापडं. शाफ्ट फिरला दोन फेरे आणि वर थोडं. परत मोजलं, तेवढंच. म्हणजे सुमारे २.१५. टायरभोवती सुतळी लावून घेर मोजला, १.९ मीटर. इंजिन पाच हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला पाच हजार फेरे धरलं तर टॉप गिअरमध्ये (तिथे शाफ्ट इंजिनाइतकाच फिरतो) ताशी २६५ किलोमीटर! म्हणजे १६५ मैल. बॅब्सपेक्षा सहाच मैल कमी! मी तिथल्या तिथे मामाला फोन लावणार होतो. बंटी पण येडा झाला होता, आणि तो मेकॅनिकल इंजिनियर आहे हे मी वर लिहिलंय.

मिस्त्री तंबाखू मळत शांतपणे बघत होते. म्हणाले, "दुसरं चाक कुठाय?" खाली. "मग डबल करा की."

डिफरन्शियल! म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी. एक चाक जमिनीवर अडकलेलं असलं की उचललेलं चाक शाफ्टच्या मानाने दुप्पट फिरतं. दोन्ही चाकं एकदम एकेक फेरा फिरली तर शाफ्ट फिरणार ४.३. म्हणजे पाच हजार आरपीएमला १३२ किलोमीटर, ८२ मैल. दहा मिनिटांत माझे आजोबा पॅरी थॉमसवरून परत चरईत आले.

आणि गिअर सोडा, एकशेवीस मैल जायला ताकद पण पाहिजे. हवेचा अडथळा असा असतो की स्पीड दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. ८१-८२ वरून १२० म्हणजे दीडपट स्पीड, त्याला सव्वातीनपट इंजिन हवं. चाळीस घोड्यांत ते येणार कुठून. १२० मैलांना हे इंजिन सात हजाराच्या वर फिरायला लागलं असतं, मिस्त्रींच्या भाषेत "पिस्टन शिळफाट्याला".

मग डायलचं काय? तेही मिस्त्रींनीच सांगितलं. स्पीडोमीटरची केबल एका मैलात किती फेरे फिरते ते प्रत्येक गाडीचं वेगळं असतं, एका गाडीचा मीटर दुसऱ्या गाडीला लावला की काटा वाट्टेल ते दाखवतो, जुन्या लोकांना हे माहीत असायचं. म्हणजे खऱ्या ऐंशीला काटा १२० ला टेकू शकतो.

निघताना बंटी बॉनेट फडक्याने पुसत होता, आतल्या बाजूने, उगाच. आणि मला हाक मारली. काळ्या तेलाच्या थराखाली ॲल्युमिनियमवर काहीतरी कोरलेलं, टूलरूमवाले सुईसारखी हत्यारं वापरतात तसल्या कशाने तरी, बारीक सरळ अक्षर.

"नेवाळी १ मैल. जाणे ४१ से. येणे ४८ से."

मी तिथेच डोक्यात हिशोब केला, मग मोबाइलवर केला. जाताना ८८ मैल, येताना ७५, सरासरी ८१ च्या आसपास. गिअरवरून आलेला आकडा ८२. लोकहो, मी आयुष्यात इतकी टेस्टिंग केली आहे, इतका सुंदर टॅली कधी बघितला नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे "येणे". रेकॉर्डचा नियमच असा आहे की दोन्ही दिशांनी पळायचं, तासाभराच्या आत, आणि सरासरी धरायची, म्हणजे मागून वारा आला म्हणून कोणी फुशारकी मारायची नाही. चरईतल्या शेडमध्ये तवसं बनवणाऱ्या माणसाला तो नियम माहीत होता, कोणी बघायला नसताना त्याने तो पाळला, गाडी उलटी फिरवून वाऱ्यासमोर पळवली आणि कमी आलेला आकडा पण कोरून ठेवला, बॉनेटच्या आतल्या बाजूला जिथे तो फक्त त्यालाच दिसणार होता.

आणि आळीत सांगितलं एकशेवीस!

रात्री झोप नाही. मामाला सांगायचं काय? पन्नास वर्षं माणूस एकच वाक्य सांगतोय. बंटी म्हणाला बॉनेट परत तेलाने काळं करून टाकू. गंमतीत म्हणाला, पण मी दोन मिनिटं विचार केला हे कबूल करतो.

दिवस चौथा, रविवार

मामाला घेऊन रबाळे. ट्रेनचे जिने नको म्हणून बंटीची गाडी, आणि हो, विटावा, पस्तीस मिनिटं. मामा पुढे बसून सगळा वेळ बोलत होता, १९२७ साली २०० मैल ओलांडणाऱ्या सीग्रेव्हच्या सनबीमला इंग्रज लोक गोगलगाय म्हणायचे हे मी त्याला सांगितलं, थॉमस गेल्यावर २६ दिवसांनी झाला तो रेकॉर्ड, तर त्याला भयंकर आनंद झाला. "बघ. त्यांची गोगलगाय, आपलं तवसं."

गाळा रविवारी बंद, पण मालक खास आला होता. गाडी पोरांनी उजेडात ओढून ठेवली होती, शेपटी पंपावरून काढून मागे नुसती टेकवलेली, त्यामुळे पन्नास वर्षांनी एका तुकड्यात दिसत होती. मामा दारातच थांबला. मग काठी बंटीकडे दिली आणि गाडीला हात लावत लावत एक पूर्ण फेरी मारली. रडला वगैरे नाही. "रंग जास्त पोपटी होता," एवढंच म्हणाला. सीटमध्ये बसायचा हट्ट केला, गुडघा वाकेना, शेवटी साइडला स्टुलावर बसवलं.

व्यवहाराचं आधी सांगतो. मालक पैसे घ्यायला तयार नाही, त्याची अट वेगळी. "तुम्ही गाडी न्या, पण माझा रॅक जातोय आणि पंपाचं झाकण जातंय, ते दोन्ही आणून द्या." म्हणजे स्लॉटेड अँगलचा एक मोठा रॅक आणि एक झाकण. मी तिथेच होकार दिला. नेण्यासाठी छोटा हत्ती बोलावला होता, तो माझा गाढवपणा, गाडी त्याच्या दुप्पट लांब, नाक केबिनवर चढवलं तरी मागची चाकं हवेत. ड्रायव्हरने येण्याचे आठशे घेतले आणि गेला. आता पुढच्या आठवड्यात मोठा टेंपो, ४०७, येणार. ठेवायची कुठे हा प्रश्न आहेच, आमच्या सोसायटीत सेक्रेटरी पाहुण्यांची ॲक्टिव्हा लावू देत नाही.

मग ते बॉनेट. मी लपवणार होतो की दाखवणार होतो हे मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं, पण मामाने स्वतःच पोरांना सांगितलं बॉनेट उघडा, इंजिन बघायचंय. उघडलं आणि ऊन बरोबर त्या ओळीवर. मी उगाच काहीतरी बोलायला लागलो, की मामा त्याचं काय आहे, तो मीटर दुसऱ्या गाडीचा होता, त्यामुळे काट्याचा...

मामाने चष्मा वर केला, ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

"अरे मला काय सांगतोस? घड्याळ माझ्याच हातात होतं की."

फोटोतली शिट्टी ही शिट्टी नव्हती, स्टॉपवॉच होतं, मोहल्ला शाळेच्या पीटीच्या सरांकडून एक दिवसासाठी मागून आणलेलं.

"मग एकशेवीस?"

"एकशेवीस अण्णा आळीत सांगायचे. बापाच्या मध्ये कोण बोलणार? मग मलाच सवय लागली."

मी बंटीकडे बघितलं, बंटी माझ्याकडे. मालकाने चहा सांगितला होता तो आला. मामाने कप घेतला, एक घोट घेतला आणि बोट त्या ४१ वर ठेवलं.

"हे एक्केचाळीस आलं ना, तेव्हा मी चाळीस सांगणार होतो. नुसतं तोंडी, एक सेकंदाने काय होतंय. अण्णांनी गाडीतून उतरून घड्याळ माझ्या हातातून घेतलं, स्वतः बघितलं, काही बोलले नाहीत. परत गाडीत बसले आणि म्हणाले, आता त्या टोकाला जाऊन उभा राहा."